दुसऱ्याच्या देहावरचे निवेदन

'शुश्रूषा' हा शब्द 'श्रु' या धातूच्या इच्छार्थक रूपापासून आला आहे. त्याचा मूळ अर्थ 'ऐकण्याची इच्छा'. गुरूचे ऐकण्याची इच्छा, तीवरून गुरूची सेवा आणि पुढे रुग्णाची सेवा असा त्याचा अर्थविस्तार झाला. घरगुती मराठीत हीच क्रिया आपण 'आजारपण काढणे' या शब्दांत सांगतो. सुनेने सासूचे आजारपण काढले, म्हणजे तिने ते निभावून नेले. 'काढणे' हे क्रियापद मात्र दुटप्पी आहे. पायातला काटा काढतात तेव्हा असलेली गोष्ट नाहीशी होते. चित्र काढतात तेव्हा नसलेली गोष्ट उभी राहते. या दुसऱ्या अर्थाने दुसऱ्याचे आजारपण 'काढणारी' माणसेही असतात. ज्याची देखभाल करायची त्याच्याच ठायी ती आजार रचतात, प्रसंगी घडवतात, आणि मग त्या आजाराची मनोभावे शुश्रूषा करतात. ती असे का करतात, हा प्रश्न बालरोगचिकित्सा, मनोविकारशास्त्र आणि न्यायव्यवहार यांच्या कक्षेतला मानला जातो. तो कथनमीमांसेच्याही कक्षेत येतो, आणि त्या बाजूने पाहिल्यास 'का' या प्रश्नाची जागाच थोडी बदलते, असे प्रस्तुत लेखात मांडायचे आहे.

या विकाराचे नावच मुळी एका साहित्यकृतीवरून पडले आहे. रिचर्ड ॲशर या ब्रिटिश वैद्याने १९५१ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात एका विशिष्ट प्रकारच्या रुग्णांचे वर्णन केले. ही माणसे या रुग्णालयातून त्या रुग्णालयात हिंडतात, स्वतःच्या आजाराच्या नाट्यपूर्ण आणि खोट्या कहाण्या सांगतात आणि पोटावर शस्त्रक्रियांचे व्रण मिरवतात. ॲशरने या लक्षणसमूहाला बॅरन मन्चाउझेनचे नाव दिले. १९७७ साली रॉय मेडो या लीड्सच्या बालरोगतज्ज्ञाने त्याच नियतकालिकात आईने मुलाच्या बाबतीत असेच केल्याची दोन उदाहरणे नोंदवली आणि त्या नावाला 'बाय प्रॉक्सी' ही पुस्ती जोडली. खोटे स्वतःच्या देहाविषयी न बोलता दुसऱ्याच्या देहामार्फत बोलायचे, असा तिचा आशय.

येथे साहित्याच्या अभ्यासकाने थोडे थांबले पाहिजे. बॅरन मन्चाउझेन हा केवळ काल्पनिक थापाड्या नव्हता. त्या नावाचा उमराव अठराव्या शतकात जर्मनीतील बोडेनवेर्डर येथे राहत होता; रशियन सैन्यातून निवृत्त झाल्यावर जेवणानंतरच्या बैठकीत शिकारीच्या आणि लढायांच्या रंगवून सांगितलेल्या गोष्टींसाठी तो ओळखला जाई. १७८५ साली रुडॉल्फ एरिश रास्पे याने त्याच्या तोंडी अचाट थापा घालून इंग्रजीत एक निनावी पुस्तक प्रसिद्ध केले. पुस्तक प्रथमपुरुषी होते. उमरावाला न विचारता त्याचे नाव आणि त्याचा 'मी' वापरला गेला, आणि हयातीतच तो युरोपभर खोटारडा म्हणून प्रसिद्ध पावला. त्याला याचा अतिशय मनस्ताप झाला. म्हणजे दुसऱ्याच्या वतीने खोटे बोलण्याचा पहिला बळी खुद्द मन्चाउझेन होता. त्याच्या कथेतला 'प्रॉक्सी' रास्पे होता. ॲशरला आणि मेडोला हे अभिप्रेत असण्याचे कारण नाही. पण नावाने स्वतःच्या पोटात विकाराची रचना वाहून आणली आहे, आणि ती रचना निवेदनाची आहे : बोलणारा एक, ज्याच्या नावावर बोलले जाते तो दुसरा, आणि विश्वास ठेवणारा तिसरा.

मेडोने नोंदवलेल्या दोन मुलांपैकी एक सहा वर्षांची मुलगी होती. तिच्या लघवीत रक्त व पू सापडत असे. वर्षानुवर्षे तिच्यावर तपासण्या झाल्या. बारा वेळा तिला रुग्णालयात दाखल केले गेले, सोळा तज्ज्ञांनी तिला पाहिले, भूल देऊन तपासले, तऱ्हेतऱ्हेची प्रतिजैविके दिली. अखेर असे दिसून आले की परिचारिकेच्या देखरेखीखाली घेतलेले नमुने निर्दोष असतात आणि जे आईच्या हाती पडतात ते सदोष. नमुन्यातले रक्त मुलीचे नव्हते. दुसरा मुलगा दीड वर्षाचाही होण्याआधी मरण पावला. त्याला मीठ पाजले जात होते.

दोन्ही उदाहरणांत एक गोष्ट समान आहे : मूल बोलत नाही. चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषधद्रव्य, परिचारक आणि रोगी. प्रत्येकाचे चार चार गुणही दिले आहेत. त्यांत रोग्याचा एक गुण 'ज्ञापकत्व', म्हणजे आपल्याला काय होते आहे ते सांगता येणे, असा आहे. परिचारकाच्या गुणांत तो नाही. त्याच्याकडून उपचाराचे ज्ञान, दक्षता, अनुराग आणि शुचिता अपेक्षिली आहे. तान्ह्या मुलाच्या, वाचा गेलेल्या वृद्धाच्या किंवा मतिमंद व्यक्तीच्या बाबतीत मात्र ज्ञापकत्व अपरिहार्यपणे परिचारकाकडे सरकते. हे सरकणे दयेपोटी, गरजेपोटी होते आणि त्यात गैर काही नाही. बालरोगचिकित्सा तर त्याच्यावाचून उभीच राहू शकत नाही. 'आईला जास्त कळते' हे बालरोगतज्ज्ञाला शिकवले जाणारे पहिले पथ्य असते. पण त्यामुळे एक असे निवेदनस्थान तयार होते, जेथे निवेदकाला दुसऱ्याच्या अंतरंगाची सर्वज्ञता बहाल झालेली असते आणि ती तपासून पाहण्याची शक्यता जवळजवळ नसते. कादंबरीत आपण अशा निवेदकाला सर्वज्ञ म्हणतो आणि त्याचे म्हणणे वस्तुस्थिती म्हणून स्वीकारतो. तो तेथे संकेत आहे. रुग्णालयात तो संकेत आहे याचा विसर पडतो.

वैद्याची कृती ज्ञानमीमांसेच्या दृष्टीने अनुमितीची आहे : लिंगावरून लिंगीकडे जाणे, खुणेवरून रोगाकडे जाणे. रसप्रक्रियेचा अभ्यास करणाऱ्यांना येथे श्रीशंकुक आठवल्याशिवाय राहणार नाही. नटाच्या ठायी दिसणारे अनुभाव कृत्रिम असतात. परंतु ते कृत्रिम आहेत असे प्रेक्षकाला वाटत नाही, म्हणून तो त्यांवरून स्थायीभावाचे अनुमान करतो. चित्रातला घोडा पाहून 'हा घोडा' असे आपण म्हणतो तसे हे. शंकुकाच्या या मतावर भट्टतौतापासून जे आक्षेप घेतले गेले ते नाट्यानुभवाच्या संदर्भात योग्यच आहेत. पण नाट्यगृहाबाहेरच्या या फसवणुकीचे वर्णन करायला त्याचीच परिभाषा सर्वांत उपयोगी पडते, हा एक विचित्र योग म्हणायचा. सहा वर्षांच्या त्या मुलीच्या बाबतीत वैद्यांचे तर्कशास्त्र निर्दोष होते. लघवीत रक्त आहे, तेव्हा मूत्रमार्गात कुठेतरी दोष आहे. चूक हेतूत होती. रक्त नमुन्यात होते, पक्षाच्या, म्हणजे मुलीच्या देहाच्या ठायी नव्हतेच. नैयायिक याला स्वरूपासिद्ध हेत्वाभास म्हणतील. आणि या हेत्वाभासाची किंमत तिच्या देहाने मोजली. येथे अस्वस्थ करणारी बाब अशी की तिला झालेल्या यातनांपैकी बहुतेक यातना आईच्या हातून झाल्याच नाहीत. त्या झाल्या तज्ज्ञांच्या हातून, आणि तेही आपले काम चोख करणाऱ्या तज्ज्ञांच्या. आईने केवळ निवेदन केले.

मीठ पाजण्याचे उदाहरण याहून निराळे आहे, आणि माझ्या मते या साऱ्या विषयाचा गाभा तेथे आहे. या क्षेत्रातले अभ्यासक बनावटीचे साधारण तीन प्रकार मानतात : लक्षणे खोटी सांगणे, खुणा खोट्या करणे आणि प्रत्यक्ष आजार घडवणे. हे एकाच अपराधाचे चढते टप्पे आहेत असे समजले जाते. कथनाच्या दृष्टीने मात्र दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारांत एक दरी आहे. ज्या मुलाला मीठ पाजले जाते त्याच्या रक्तात सोडियम खरोखरच वाढलेले असते. त्याला खरोखर झटके येतात. हेतू पक्षाच्या ठायी सिद्ध आहे, अनुमान बिनचूक आहे. 'माझे मूल आजारी आहे' हे आईचे वाक्य आता खरे आहे.

वेन बूथने १९६१ साली 'द ऱ्हेटरिक ऑफ फिक्शन'मध्ये अविश्वसनीय निवेदकाची संकल्पना मांडली. आपल्याकडे ती वर्गात इतकी घोटली गेली आहे की तिचे एक गृहीतक आपल्या नजरेतून सुटते. निवेदकाच्या सांगण्याच्या पलीकडे घटनांची एक स्वतंत्र सृष्टी असते. निवेदक ती विपर्यस्त करून सांगतो, आणि ध्वनित लेखक वाचकाच्या कानात 'याच्यावर विसंबू नकोस' असे कुजबुजतो. सांगणे आणि असणे यांत फट राहते म्हणून तर आपण निवेदकाला पकडू शकतो. मीठ पाजणारा निवेदक ही फटच बुजवून टाकतो. त्याची कथा वस्तुस्थितीशी जुळत नसेल तर तो कथा बदलत नाही, वस्तुस्थिती बदलतो. अशा निवेदकाला अविश्वसनीय म्हणणे अपुरे आहे. त्याचे निवेदन विश्वसनीय करण्यासाठीच तर मुलाचा देह खर्ची पडतो. 'बनावट आजार' ही संज्ञाही येथे थिटी पडते. आजार बनावट नाही, त्याचा कर्ता लपवलेला आहे. मराठीत आपण 'सोंग' म्हणतो ते सोंग आणणाऱ्याच्याच अंगावर असते. दुसऱ्याच्या अंगावर आणलेल्या, आणि त्याच्याच जिवावर बेतणाऱ्या सोंगाला आपल्याकडे शब्द नाही.

आता 'का' या प्रश्नाकडे वळता येईल. आर्थिक लाभ, सूड, नवऱ्याचे लक्ष वेधणे, स्वतःच्या बालपणातील उपेक्षा अशी अनेक कारणे पुढे केली जातात. ती निरनिराळ्या प्रकरणांत कमीअधिक खरी असतील. हर्बर्ट श्रायर आणि जुडिथ लिबो यांनी १९९३ सालच्या 'हर्टिंग फॉर लव्ह' या पुस्तकात केलेली मांडणी मला यांत सर्वांत लक्षणीय वाटते. त्यांच्या मते अशा आईचे खरे नाते मुलाशी नसतेच, ते डॉक्टरशी असते. एका सामर्थ्यवान, ज्ञानी आणि आपले ऐकून घेणाऱ्या व्यक्तीशी संबंध टिकवण्याचे मूल हे साधन बनते. ही मांडणी मनोविश्लेषणाच्या परिभाषेत असली तरी तिच्यातले सूत्र उघड उघड संज्ञापनाचे आहे. निवेदकाला श्रोता हवा आहे. 'शुश्रूषा' शब्दाच्या अर्थाची येथे उलथापालथ होते : ऐकण्याच्या इच्छेची जागा ऐकवण्याच्या इच्छेने घेतलेली असते.

ही इच्छा अशा विकृत वाटेनेच का जावी? देखभालीचे काम बहुशः अदृश्य असते, हे त्याचे एक उत्तर आहे. निरोगी मुलाच्या आईचे कुणी ऐकून घेत नाही; तिने दिवसभर काय केले याची कुठे नोंद होत नाही. मूल आजारी पडताच तीच कामे, तेच पाजणे-भरवणे-जागणे, एकदम अर्थपूर्ण होते. त्याची वेळ विचारली जाते, त्याचे माप लिहून घेतले जाते, ते सांगताना पांढऱ्या कोटातला माणूस मान डोलावतो. घराच्या भाषेत ज्याला वाक्य नव्हते त्याला रुग्णालयाच्या भाषेत परिच्छेद मिळतो. उघडकीस आलेल्या प्रकरणांत आयांचे प्रमाण फार मोठे आहे, हेही या संदर्भातच वाचले पाहिजे. देखभाल ज्यांच्या वाट्याला दिली आहे, देखभालीची विकृतीही त्यांच्यातच अधिक दिसणार. ते स्त्रीस्वभावाचे लक्षण मानणे हा निव्वळ आळस आहे.

या स्पष्टीकरणाची मर्यादा मात्र सांगितली पाहिजे. निवेदनस्थानाचे आकर्षण कळले म्हणजे कृत्य कळले असे होत नाही. त्याच स्थानावर लक्षावधी आया, मुली, सुना, परिचारिका उभ्या असतात. त्यांपैकी जवळजवळ सगळ्या मीठ पाजत नाहीत. रचनेने जागा दाखवता येते. तेथे उभे राहून हात पुढे कुणी केला हे रचना सांगत नाही. 'कर्त्याचा मृत्यू' ही घोषणा साहित्यकृतीच्या बाबतीत कितीही मुक्तिदायक असली, तरी येथे ती उच्चारणे अश्लाघ्य ठरेल.

वाचकाचीही एक विकृती असते. पॉल रिकरने मार्क्स, नीत्शे आणि फ्रॉइड यांच्या वाचनपद्धतीला संशयाचा अन्वय म्हटले. गेल्या काही दशकांत आपल्या समीक्षेने हा अन्वय इतका आत्मसात केला आहे की संहिता जे म्हणते ते तिला म्हणायचेच नसते, असे आपण धरूनच चालतो. मेडोच्या लेखाने बालरोगचिकित्सेत असेच एक संशयशास्त्र जन्माला घातले. ते आवश्यक होते. डेव्हिड साउथॉल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये गुप्त कॅमेऱ्यांनी केलेले चित्रण १९९७ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा संशयित ३९ मुलांपैकी ३३ मुलांच्या बाबतीत छळ प्रत्यक्ष दिसला. ज्यांना हा सारा प्रकार कल्पनेचा खेळ वाटत होता त्यांना ते उत्तर होते. पण संशयाची चिन्हव्यवस्था एकदा तयार झाली की ती स्वतःच खुणा उत्पन्न करू लागते. अशा प्रकरणांतील आई वॉर्डात रमते, परिचारिकांशी मैत्री करते, वैद्यकीय शब्द सफाईने वापरते, तपासण्यांना उत्सुक असते, अशी वर्णने रूढ झाली. दीर्घकाळ आजारी मुलाजवळ बसलेली कुठलीही शहाणी बाई हेच करील. आई शांत असेल तर भावनाशून्य, अस्वस्थ असेल तर नाटकी : मग तिने कोणता अनुभाव दाखवावा?

या वाचनाचा शेवट कुठे होऊ शकतो ते सॅली क्लार्कच्या खटल्यात दिसले. हा खटला बनावट आजाराचा नव्हता. दोन तान्ह्या मुलांच्या मृत्यूबद्दल आईवर खुनाचा आरोप होता. पण साक्षीदार मेडोच होता, आणि वाचनाची रीतही तीच. एकाच घरात दोन आकस्मिक बालमृत्यू होण्याची शक्यता ७ कोटी ३० लाखांत एक, असे त्याने सांगितले. एका मृत्यूची ८,५४३ मध्ये एक ही शक्यता स्वतःशीच गुणून हा आकडा काढला होता. दोन घटना परस्परांपासून स्वतंत्र आहेत हे गृहीत त्यामागे होते, आणि ते कुणी सिद्ध केले नव्हते. १९९९ साली क्लार्कला जन्मठेप झाली. २००१ साली रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने या आकडेमोडीवर जाहीर आक्षेप घेतला. २००३ साली, दडून राहिलेला एक सूक्ष्मजैविक अहवाल पुढे आल्यावर, शिक्षा रद्द झाली; २००७ साली ती मरण पावली. वैद्यकीय परिषदेने २००५ साली मेडोचे नाव नोंदवहीतून कमी केले, तो निर्णय २००६ साली न्यायालयाने फिरवला. मेडोला खलनायक ठरवण्यात मला रस नाही. ज्याने मुक्या मुलांच्या वतीने पहिल्यांदा बोलून दाखवले, तोच पुढे मृत मुलांच्या वतीने बोलताना पुराव्यापेक्षा जास्त बोलला, एवढे पुरे. 'प्रॉक्सी' हे स्थान आईसाठी राखीव नाही.

डेव्हिड ॲलिसन आणि मार्क रॉबर्ट्‌स यांनी १९९८ साली या निदानाची सांगड हिस्टेरिया आणि चेटकीण या जुन्या कोटींशी घालून ते निदानच रचित आहे असे प्रतिपादन केले. ते रचित आहे यात शंका नाही, कोणते निदान रचित नसते? पण रचितावरून मिथ्या असे अनुमान करणे ही आपल्या काळातली फार सोपी उडी झाली आहे, आणि मेलेले मूल त्या उडीत मागे राहते. वैद्यकानेच यातून अधिक सावध वाट काढलेली दिसते. २०१३ सालच्या अमेरिकन वर्गीकरणात बॅरनचे नाव नाही; 'दुसऱ्यावर लादलेला कृत्रिम विकार' असा शब्दप्रयोग आहे आणि निदान लादणाऱ्याचे केले जाते, मुलाचे नव्हे. ब्रिटनमधील बालरोगतज्ज्ञांच्या महाविद्यालयाने २०२१ साली दिलेल्या मार्गदर्शनात दोन प्रेरणा वेगळ्या केल्या आहेत : मूल आजारी मानले जाण्यातून पालकाला काही मिळणे, आणि पालकाची चुकीची पण प्रामाणिक समजूत, पराकोटीची चिंता. दुसऱ्या प्रकारात कथा खोटी असूनही निवेदक खोटारडा नसतो. बूथला हा भेद नवा वाटला नसता.

कथात्म साहित्याने या विषयाकडे प्रामुख्याने रहस्यकथेच्या वाटेने पाहिले. गिलियन फ्लिनची 'शार्प ऑब्जेक्ट्‌स' (२००६) ही त्यांतली वरच्या दर्जाची कादंबरी. आडोरा ही आई मुलींना विष देऊन त्यांची सेवा करते; एक मुलगी त्यात गेलेली आहे. निवेदिका कमिल ही वाचलेली मुलगी, व्यवसायाने वार्ताहर. तिने स्वतःच्या कातडीवर शब्द कोरून घेतलेले आहेत. ज्या देहावर दुसऱ्याने लिहायचे त्यावर आपणच आधी लिहून जागा अडवायची, असा त्याचा एक अर्थ मला लागतो. कादंबरीचा प्राण येथे आहे. आडोराच्या आईचा निर्दयपणा पुढे करून तिच्या कृत्याचा जो उलगडा केला आहे तो मात्र साच्यातला आहे. आजीपासून आलेला शाप ही कल्पना दंतकथेची, तिला मनोविश्लेषणाचे कपडे घातले आहेत इतकेच. त्याहून बोलका आहे तो कागद : मेलेल्या बहिणीच्या रुग्णालयीन कागदपत्रांत एका परिचारिकेने आपला संशय फार पूर्वी लिहून ठेवला होता. तो वाचला गेला नाही.

प्रत्यक्षातही असे कागद असतात. अमेरिकेतील जिप्सी रोझ ब्लँचर्डच्या आईने मुलीला वर्षानुवर्षे चाकांच्या खुर्चीत बसवले, तिचे डोके भादरले, तिचे वय कमी सांगितले. जुनी कागदपत्रे २००५ सालच्या कॅटरिना वादळात नष्ट झाली, असे तिचे सांगणे असे. मूळ हस्तलिखित हरवल्याची ही सबब साहित्याच्या अभ्यासकाला ओळखीची वाटेल. एका मेंदुविकारतज्ज्ञाने २००७ साली आपली शंका नोंदवली होती. ती फायलीत राहिली. २०१५ साली मुलीच्या संगनमताने आईचा खून झाला. मुलगी शिक्षा भोगून २०२३ साली सुटली. तिच्यावरच्या माहितीपटांत आणि मालिकांत प्रेक्षक पुन्हा आईच्याच चेहऱ्याकडे 'का' म्हणून पाहत राहतो. आई मेल्यावरही मुलीच्या कथेचे केंद्र आईच असावी, हा त्या 'का'चाच परिणाम नव्हे काय?

ज्युली ग्रेगरीचे 'सिकन्ड' (२००३) हे आत्मकथन मला या दृष्टीने वेगळे वाटते. लहानपणी तिला डॉक्टरांपुढे नेऊन आई तिच्या हृदयाच्या तक्रारी सांगत असे. हृदयाची उघडी शस्त्रक्रिया व्हावी इथवर आग्रह गेला. मोठेपणी, मानसशास्त्राच्या वर्गात हा विकार शिकवला जात असताना आपली ओळख तिला पटली. पुस्तकाचे गद्य अनेक ठिकाणी भडक आहे, स्मृतीच्या नावाखाली संवाद पानेच्या पाने चालतात, आणि आईविषयीचा संताप लेखिकेला पुष्कळदा निवेदनावरची पकड सोडायला लावतो. परंतु मध्येमध्ये तिच्या रुग्णालयीन नोंदी घातलेल्या आहेत, आणि तेथे वाचक थबकतो. त्या नोंदींत मुलगी जागोजागी आहे : तिचे वजन, तिची नाडी, तिचे हृदय, तिच्या तपासण्या. तक्रार सांगणारा आवाज मात्र आईचा आहे, टंकलिखित, तृतीयपुरुषी, शंकेला जागा न ठेवणारा. ग्रेगरी त्या नोंदींभोवती प्रथमपुरुषात लिहिते.